‘भूमिपुत्र’ म्हणून नको, अटीवर बोट ठेवून भांडा

ताई, नमस्कार.

मी घणसोली गावातला. वडील मजूर संस्थेत होते, मी वीस वर्षं स्वतःच्या नावावर ठेकेदारी करतो. गटारं, फुटपाथ, पेव्हर, पाण्याच्या छोट्या लाइनी, शाळांची दुरुस्ती. बहुतेक कामं पन्नास लाखांच्या आतली, सगळ्यात मोठं केलं ते १ कोटी ९० लाखांचं. आमच्याकडच्या एका सरकारी संस्थेने (नाव छापू नका) दरवर्षी नोडप्रमाणे (नवी मुंबईतल्या एकेका वसाहतीप्रमाणे) वेगळी निघणारी आठ कामं यंदा एकत्र करून २२ कोटींचं एकच टेंडर काढलं. परराज्यातल्या कंपनीने ते २७ टक्के बिलोने, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा तेवढ्या कमी दराने घेतलं. आता तिचाच मॅनेजर फोन करतो, ‘काम तुम्हीच करा, दर आमचा.’ गावातली पोरं म्हणतात, दोन दिवस डंपर अडवू, आपोआप जागेवर येतील. आमच्यातले चार ठेकेदार म्हणतात, पुढच्या वेळी आपसात ठरवून भरू, एकाने घ्यायचं, बाकीच्यांनी वरचा भाव टाकायचा. तशातच दुसऱ्या एका एकत्रित टेंडरची नोटीस लागली आहे, त्याची प्री-बिड (टेंडर भरण्याआधीची शंकांची बैठक) व्हायची आहे. जमिनी आमच्या गेल्या आणि कामं बाहेरच्यांना. आम्ही करायचं काय? मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसलाय, त्याला या धंद्यात घालू की नको?

— एक ठेकेदार, घणसोली

भाऊ,

पोरांना आधी घरी बसवा. बाकीचं नंतर बोलू.

डंपर अडवून काम मागणं किंवा ‘गावाचा हिस्सा’ मागणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीत बसू शकतं. गुन्हा दाखल झाला की पोरांची पोलीस भरती गेली, पासपोर्ट अडकला आणि टेंडरसोबतच्या प्रतिज्ञापत्रात तुम्हाला काय लिहायचं हा प्रश्न आला. त्याहून वाईट म्हणजे यात कंपनीचाच फायदा आहे. २७ टक्के बिलोने घेतलेलं काम वेळेत होणार नाही हे त्यांच्या मॅनेजरला आजच माहीत आहे. उशिराचा दंड टाळायला त्याला कारण हवं असतं. तुम्ही दोन दिवस अडवलंत की तो ‘स्थानिकांच्या अडथळ्यामुळे काम बंद’ असं पत्र देणार, फोटो जोडणार आणि सहा महिन्यांची मुदतवाढ मागणार. असली पत्रं मी टाइप होताना पाहिली आहेत. माझं ठाण्यातलं ऑफिस टेंडरची कागदपत्रं करून देतं, दोन्हीकडची माणसं याच टेबलापुढे बसतात.

आता जमिनीचं. ते मी हलक्यात घेत नाही. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांनी तो लढा उभा केला म्हणून साडेबारा टक्क्यांची योजना (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड परत) पदरात पडली. ही देणी सिडकोची आणि सरकारची. ती धोरण म्हणून मागायची, मोर्चा काढून, विधिमंडळात प्रश्न विचारून, नगरसेवकाला गाठून मागायची. प्रकल्पग्रस्तांना छोट्या कामांत वाटा द्या, अशी मागणी संघटनेने जरूर करावी. पण बावीस कोटींच्या टेंडरमध्ये ‘आम्ही इथले, म्हणून आम्हाला द्या’ असं लिहून तुम्ही उभे राहिलात, तर समोरचा वकील पाच मिनिटांत तुम्हाला झोपवेल.

ताजा दाखला देते. छत्तीसगडमध्ये शाळांना खेळाचं साहित्य पुरवण्याच्या निविदेत अट होती, की मागच्या तीन वर्षांत छत्तीसगडच्याच सरकारी संस्थांना ठराविक रकमेचा पुरवठा केलेला हवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती अट रद्द केली. इतर राज्यांत तेच काम केलेल्याला दारातच अडवणं हे समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध आहे, असा निकालाचा रोख. म्हणजे उद्या तुमच्या मागणीवरून कुणी ‘नवी मुंबईतल्या कामाचा अनुभव हवा’ अशी अट घातलीच, तरी ती टिकणं अवघड.

आणि घातली तरी ती तुमच्यासाठी नसणार, हे कडवट वाटलं तरी ऐका. ‘कामाच्या जागेपासून इतक्या किलोमीटरच्या आत स्वतःचा आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट हवा’, ‘स्वतःचा हॉट मिक्स (डांबर मिश्रणाचा) प्लांट हवा’, असल्या अटी ऐकायला स्थानिकांच्या बाजूच्या वाटतात. तुमच्याकडे प्लांट आहे का? नाही. प्लांट ज्याचा आहे तो गडी गावातला असला तरी तुमचा नाही. बाहेरची कंपनी निदान फोन तरी करते, हा माणूस तुम्हाला गेटच्या आत घेत नाही. ‘स्थानिक’ या शब्दाखाली त्याची आणि तुमची मोट बांधू नका.

तुमचं खरं दुखणं पत्राच्या मधल्या एका वाक्यात आहे: आठ कामं एकत्र केली. कंपनी परराज्यातली आहे म्हणून तुम्ही बाहेर पडला नाहीत, आठाचं एक केलं म्हणून पडलात. हिशेब मांडते. समान कामाच्या अनुभवासाठी केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली दिलेला मापदंड असा: अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक, आणि वार्षिक सरासरी उलाढाल ३० टक्के. आयोग केंद्राचा, राज्यातल्या संस्थांना तो मापदंड बांधील नाही, पण टेंडरं साधारण याच्याच आसपास लिहिली जातात. २२ कोटींना हे लावलं तर ८ कोटी ८० लाखांची तीन कामं किंवा १७ कोटी ६० लाखांचं एक, आणि उलाढाल ६ कोटी ६० लाख. तुमचं मोठ्यात मोठं काम १ कोटी ९० लाखांचं. तीच आठ कामं वेगवेगळी, पावणेतीन कोटींच्या आसपास निघाली असती, तर १ कोटी १० लाखांची तीन कामं पुरली असती. तेव्हा तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी पंधरा जण आत असता, आणि ती कंपनी कदाचित इकडे फिरकलीही नसती.

एकत्र करण्यात कधी शहाणपणही असतं, ते नाकारू नका. मोरबे धरणाहून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीचं काम आठ जणांत वाटा म्हणणाऱ्याला मीही हसेन. एका गळक्या जोडावरून आठही जण एकमेकांकडे बोट दाखवतील. पण घणसोलीतला फुटपाथ आणि नेरुळमधलं गटार यांचा एकमेकांशी संबंध काय? मोठं पॅकेज म्हणजे चांगलं काम, हा अधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद आहे. तो शेजारीच तपासून पाहता येतो. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये काँक्रीट रस्त्यांची सुमारे सहा हजार कोटींची कामं पाच पॅकेजांत काढली, मोठ्याच कंपन्या याव्यात अशा अटी घालून. जानेवारी २०२३ मध्ये कार्यादेश निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शहर भागाच्या पॅकेजचं कंत्राट विलंबापायी रद्द करायची वेळ आली. एक ठेकेदार अडकला की अख्खा भाग अडकतो. हे तुमच्या पत्रात जरूर लिहा.

कोणतं पत्र? तेच सांगते. नव्या टेंडरची प्री-बिड व्हायची आहे असं तुम्ही म्हणता, म्हणजे तुमच्या हातात आज एवढीच एक खरी गोष्ट आहे. निकालानंतरच्या तक्रारीला ‘हरलेल्याची कुरकुर’ म्हणतात, प्री-बिडमधल्या प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं. तिथे आवाज चढवायचा नाही. कागद द्यायचा, तोही सरकारी मराठीत:

‘सदर निविदेत पूर्वी स्वतंत्रपणे काढण्यात येणाऱ्या व भौगोलिकदृष्ट्या विलग असलेल्या कामांचा एकत्रित समावेश आहे. ही कामे परस्परावलंबी नसल्याने ती एकत्र करण्याचे तांत्रिक कारण कळविण्यात यावे. नोडनिहाय स्वतंत्र निविदा मागविल्यास पात्र निविदाधारकांची संख्या वाढून स्पर्धात्मक दर प्राप्त होतील. तसे शक्य नसल्यास संयुक्त उपक्रमास परवानगी देण्याबाबत शुद्धिपत्रक काढण्यात यावे.’

यात ‘स्थानिक’ नाही, ‘अन्याय’ नाही, ‘भूमिपुत्र’ नाही. संस्थेचे पैसे वाचतील एवढंच आहे, आणि लेखापरीक्षणात अधिकाऱ्याला नेमकी तीच भीती असते. पोर्टलवर प्रश्न विचारायची मुदत असेल तर तिथेही टाका आणि आवक शिक्क्याची प्रत ठेवा. शक्य तितक्या ठेकेदारांनी आपापल्या लेटरहेडवर वेगवेगळं पत्र द्या. एकाच मसुद्याच्या दहा झेरॉक्स दिल्यात, तर साहेब एकच वाचतात.

शेवटचं वाक्य संयुक्त उपक्रमाचं आहे, ते तुमच्या चार मित्रांसाठी. आपसात ठरवून एकाने घ्यायचं, बाकीच्यांनी वरचा भाव टाकायचा, याला आपल्याकडे ‘रिंग’ म्हणतात आणि चहाच्या टपरीवर ती फार हुशारीची गोष्ट समजली जाते. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये ही थेट बंदी घातलेली गोष्ट आहे. दंड उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते, आणि तेही रिंग चालली त्या प्रत्येक वर्षासाठी. पुणे महापालिकेच्या २०१३ च्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांत असंच एकमेकांना आधार म्हणून टेंडरं भरली गेली, आणि २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्या कंपन्यांना दंड लावला. शिवाय कायद्यात सवलतीची सोय आहे: जो आधी जाऊन कबूल करतो त्याचा दंड कमी होतो. तुमच्या चौघांत आधी कोण जाईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तेच चौघं उघडपणे जेव्ही (संयुक्त उपक्रम) करून, नोटरी केलेल्या करारावर, कुणाचा किती टक्के वाटा ते लिहून एकच टेंडर भरा. टेंडरमध्ये जेव्हीला मुभा असेल तर ते पूर्ण कायदेशीर आहे. अट इतकीच, की आधी सीएला बसवून बँक खातं कुणाच्या सहीने चालणार ते ठरवा. जेव्ही कामावरून सहसा फुटत नाही, पहिल्या बिलावरून फुटते.

आता तो मॅनेजरचा फोन. पत्रात तुम्ही तो ओझरता सांगितलात, पण जास्त घोळ तिथे आहे.

२७ टक्के बिलो म्हणजे काय ते रुपयांत बघा. केंद्रीय बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. तोच हिशेब धरला, तर १०० रुपये खर्चाच्या कामाचा दर ११५ होतो. त्यावर २७ टक्के बिलो म्हणजे ८४ रुपये. नफा शून्य धरला तरी सोळा रुपये कमी पडतात. ते कुठून येणार? थोडे खरोखर येतात. ही कंपनी सिमेंट घाऊक घेते, मशिनरी तिची, बँकेचं व्याज तिला तुमच्यापेक्षा कमी. हे त्यांचं बळ आहे, त्याला लबाडी म्हणू नये. थोडे जादा बाबींच्या (मूळ टेंडरमध्ये नसलेल्या कामांच्या) बिलातून काढायचा विचार असतो. थोडे पेव्हरखालच्या पीसीसीच्या (साध्या काँक्रीटच्या थराच्या) जाडीतून, जे पहिल्या पावसाळ्यानंतर तुमच्याच गावातल्या लोकांना दिसतं. आणि उरलेले तुमच्याकडून. ‘काम तुम्हीच करा, दर आमचा’ या वाक्याचा अर्थ तोच आहे. कंपनी आपलं कमिशन कापून तुम्हाला सत्तरच्या घरातला दर देणार, त्यातून टीडीएस कापणार, अनामत म्हणून पाच टक्के अडकवणार, आणि ‘आमचं बिल आलं की तुमचं’ म्हणणार. जीएसटीचंही बघा. महापालिकांच्या बांधकाम कंत्राटांवरचा १२ टक्क्यांचा दर १८ जुलै २०२२ पासून १८ झाला आहे, तो दरात धरलाय की वर, हे फोनवर कुणी स्पष्ट सांगत नाही.

तरी पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. काम तुम्ही करणार, अनुभवाचा दाखला कंपनीच्या नावे निघणार. पुढच्या वर्षी समान कामाच्या रकान्यात तुमचं १ कोटी ९० लाखच राहणार, तिच्या खात्यात आणखी २२ कोटी. दर वर्षी तिची शिडी तुम्हीच धरणार. वर निविदेच्या सर्वसाधारण अटींत सहसा लिहिलेलं असतं, की अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय काम पोटठेकेदाराला देता येत नाही. परवानगीविना केलंत आणि कंपनी निघून गेली, तर संस्थेच्या दृष्टीने तुम्ही त्या जागेवर नव्हताच. थकीत बिलासाठी कुणाच्या दारात उभे राहणार?

म्हणून मॅनेजरला नाही म्हणा असं मी म्हणत नाही. घरात चूल पेटायला हवी, कामगारांना धरून ठेवायला हवं. पण तीन गोष्टींवाचून हो म्हणू नका. संस्थेची लेखी मान्यता असलेला पोटकंत्राटाचा करार. तुमच्या नावे, कामाचं वर्णन लिहिलेलं जीएसटी बिल आणि आयकराच्या पत्रकात (२६एएस) दिसणारा टीडीएस, कारण काही निविदांत पोटठेकेदाराचा अनुभव एवढ्या पुराव्यावर धरतात. आणि पंधरवड्याच्या मोजमापावर पंधरवड्यात पैसे, कंपनीचं बिल येवो न येवो. तिसरं ऐकल्यावर मॅनेजर ‘साहेबांशी बोलून सांगतो’ म्हणेल आणि फोन बंद होईल. होऊ द्या. सोळा रुपये तुमच्या खिशातून जाणार नाहीत, एवढं तरी त्या फोनने साधेल.

झालेल्या टेंडरचं काय? दहा रुपयांच्या अर्जाने माहितीच्या अधिकारात तुलनात्मक तक्ता (कुणी किती दर भरला तो) आणि जादा सुरक्षा अनामतीची प्रत मागा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत जितकं जास्त बिलो तितकी जादा अनामत भरावी लागते, खोल बिलोला ती फार चढते. तुमच्या संस्थेच्या निविदेत तशी अट होती का, असेल तर ती बँक गॅरंटी खरोखर भरली का, हे विचारणं रास्त आहे. मोजमाप पुस्तकाची प्रतही नंतर मागता येते. मात्र माहिती हातात आल्यावर ती घेऊन मॅनेजरला भेटायला जाऊ नका. तसे जाणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांना काय म्हणतात ते तुम्ही जाणता.

कोर्टाची वाट छोट्याला परवडत नाही हे खरं. मोठेही तिथे सहज जिंकत नाहीत. ठाणे घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या सुमारे १४ हजार कोटींच्या निविदांत आपली निविदा का बाद झाली हे कळवलंच नाही, म्हणून लार्सन अँड टुब्रो मे २०२५ मध्ये न्यायालयात गेली. उच्च न्यायालयात हरली, सर्वोच्च न्यायालयात प्रश्न विचारले गेले आणि निविदा काढणाऱ्या एमएमआरडीएने त्या रद्दच केल्या. त्यातून तुमच्या कामाचं एवढंच: बाद केलं तर कारण लेखी मागायचं, त्याच दिवशी.

जाता जाता, फक्त नवी मुंबईवर डोळा ठेवून बसू नका. ठाणे, पनवेल, जिल्हा परिषद, एमआयडीसी, सगळीकडे नोंदणी करून ठेवा. फक्त टेंडर भरण्याआधी त्या कामाला निधी आलाय का ते विचारा. राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये ८९ हजार कोटींच्या थकबाकीचा दावा केला होता. एल-वन (सगळ्यात कमी दराचे) येऊन बिलासाठी दोन दिवाळ्या थांबण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

मुलाला घाला. डिप्लोमा झालाय, तर सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून त्याच्या नावाची नोंदणी करा. तिथल्या छोट्या कामांची वाटणी मुळात ३३-३३-३४ अशी: बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि खुले. पुढे तिच्यात फेरफार झाले, पण अभियंत्यांचा वाटा कायम आहे. त्याला दरविश्लेषण शिकवा, डिजिटल सही त्याच्याच खिशात राहू द्या, आणि पहिली दोन-तीन कामं लहान पण पूर्ण, दाखल्यासकट करू द्या. नोंदणी झाल्यावर महिन्याभरात कुणीतरी पेढे घेऊन येईल आणि म्हणेल, लायसन्स आम्हाला वापरू द्या, दोन टक्के घरबसल्या. तुमच्या वडिलांच्या मजूर संस्थेचं पुढे काय झालं, तिथे आज मजूर किती आणि शिक्का कोण वापरतो, ते त्याला त्या माणसाच्या समोरच सांगा.

— ताई